एक ‘वि.’ जास्तीचा

तक्त्याच्या सातव्या ओळीवर माझं बोट थांबलं आणि पुढे सरकेना. ओळ अशी होती : ‘सयाजी (कसबा बावडा) वि. वि. नृसिंह (कोडोली), १९८१, कलाजंग डावावर चितपट.’ ज्यांनी वर्तमानपत्राचं क्रीडापान कधी उघडलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, एक ‘वि.’ म्हणजे विरुद्ध. अमक्याची तमक्याशी कुस्ती, एवढंच. दोन ‘वि.’ म्हणजे विजयी विरुद्ध. पहिला जिंकला, दुसरा हरला. फरक एका अक्षराचा आणि एका टिंबाचा. त्या ओळीतला दुसरा ‘वि.’ माझा आहे. सत्तावीस वर्षांची असताना मी तो निळ्या शाईनं घातला, आणि आज त्रेचाळीस वर्षांनी तो माझ्याच जेवणाच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी परत आला होता. मी चष्मा काढून पुसला. पुसून काही फरक पडणार नव्हता हे मला माहीत होतं, पण हातांना काहीतरी काम लागतं.

प्रुफं उदयसिंहानं आणून दिली होती. तो समोरच्या इमारतीत राहतो. त्याचे वडील सयाजीराव एके काळी जिल्ह्यातले पहिल्या नंबरचे मल्ल होते. त्यांना आता पंचाहत्तर पूर्ण होतायत, म्हणून रविवारी सत्कार आणि सत्काराला गौरव अंक. मी एकतीस वर्षं एका दैनिकात मुद्रितशोधक होते हे अख्ख्या कॉलनीला ठाऊक आहे, त्यामुळे लग्नपत्रिकेपासून सोसायटीच्या नोटिशीपर्यंत सगळं माझ्याकडे येतं. ‘बाई, तुमच्या नजरंखालनं गेलं की आमी निवांत,’ असं म्हणून त्यानं गठ्ठा ठेवला, तो बसला तशी खुर्ची कुरकुरली, आणि मग अर्धा तास त्यानं मला फक्त तक्ता दाखवला. अंकात आमदारांचे संदेश होते, फोटो होते, पण त्याचा जीव होता त्या तक्त्यात. ‘दोन मल्ल : एक तुलना’ असं वर लिहिलं होतं. दोन्हीकडची सगळी कात्रणं त्यानं दोन वर्षं खपून जमवली होती. शेवटच्या पानावर बारीक टायपात ‘मुद्रितशोधन : प्रमोदिनी शिरगावकर’ असंही त्यानं आधीच घालून टाकलं होतं. मी अजून एक अक्षरही वाचलेलं नव्हतं, पण सगळं बरोबर असल्याबद्दल माझं नाव छापायला तयार होतं.

तक्ता वाईट नव्हता, हे कबूल करायला हवं. सयाजीरावांची उंची सहा फूट एक, नृसिंहाची सहा फूट. वजन भरात असताना एकाचं एकशे अठरा किलो, दुसऱ्याचं एकशे दहा. सयाजीरावांच्या निकाली कुस्त्या बहुतेक पाच मिनिटांच्या आत, नृसिंहाच्या वीस मिनिटांच्या पुढे. एक अंगावर जाणारा, दुसरा समोरच्याला दमवून दमवून शेवटी हलकेच खाली घेणारा. बिंदू चौकातल्या हॉटेलांतून ह्या दोघांवरून माणसांनी एकेक पावसाळा भांडून काढलेला आहे. एकमेकांशी लढती सात. सयाजी चार, नृसिंह तीन. आणि त्याखाली ठळक टायपात उदयसिंहाचं मथळ्याचं वाक्य : ‘एका कुस्तीनं सरस!’ ती एक कुस्ती म्हणजे ही सातवी ओळ. ती काढली तर तीन-तीन राहतात आणि एक बरोबरीची, आणि मथळा कोसळतो. मी मथळ्यातलं उद्गारचिन्ह खोडलं. तेवढंच मला त्या क्षणी जमलं.

ती कुस्ती निपाणीच्या पलीकडच्या एका गावात, जत्रेच्या मैदानात झाली होती. रविवार होता. ती इतकी लांबली की अंधार पडला, दिव्यांची सोय नव्हती, आणि पंचांनी दोघांचे हात वर करून ती बरोबरीत सोडवली. कोल्हापूरची बरीच माणसं शेवटची गाडी धरायला आधीच निघून गेली होती. जी राहिली ती त्या बाजूची, कानडी बोलणारी, आमचा पेपर न वाचणारी. हे सगळं मला नंतर कळलं. सोमवारी दुपारी माझ्यापुढे आली ती फक्त ओली गॅली, म्हणजे छपाईआधी तपासायची लांबट कागदाची पट्टी, निकालांच्या अकरा ओळींची. माझ्याबरोबर मूळ कागद वाचून दाखवणारे गृहस्थ त्या दिवशी रजेवर होते, मूळ कागद कंपोझिंगमध्येच राहिला होता आणि जिने चढून तो आणायचा मला कंटाळा आला होता. दहा ओळींत ‘वि. वि.’ होतं. अकरावीत एकच ‘वि.’ आणि पुढे काहीच नाही. ‘बरोबरीत’ हा शब्द खिळे जुळवणाऱ्याकडून गळला होता. मला वाटलं, गळलाय तो ‘वि.’. मी खूण केली, समासात ‘वि.’ लिहिला, आणि मला चक्क समाधान वाटलं. ओळी कशा सारख्या दिसायला लागल्या. मी तोवर एकही कुस्ती पाहिली नव्हती, आजही पाहिलेली नाही. तिथं बरोबरी होऊ शकते हे माझ्या मनातही आलं नाही.

मंगळवारी आमचे बातमीदार गणपतराव पेपर घेऊन आले आणि त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला. मी वाचलं. ते म्हणाले, मी ‘बरोबरीत’ लिहिलं होतं, बाई. पुढच्या एक तारखेला मी नोकरीत कायम व्हायची होते, वडील अंथरुणावर होते, आणि हे दोन्ही गणपतरावांना माहीत होतं. दुरुस्ती छापली तर साहेब विचारणार ही चूक कुणाची. ऱ्हाऊ दे, ते म्हणाले, उद्या ह्या पेपरात कुणीतरी भजी बांधून नेईल. माणूस भला होता. त्यांच्या चितेला मी नमस्कार केला तेव्हाही मला हेच आठवत होतं. उपकार माझ्यावर झाले आणि भोगलं दुसऱ्यानं, आणि मी ते उपकार घेतले.

शुक्रवारी नृसिंह स्वतः आला. गणपतराव दौऱ्यावर होते म्हणून शिपायानं त्याला छोट्या जाहिराती घेतात त्या खिडकीशी उभं केलं आणि मला खाली बोलावलं. पैलवान म्हणजे आरडाओरडा करणार अशी माझी समजूत. हा हात जोडून उभा होता. कान मोडलेले, मान अशी नव्हतीच, थेट खांदे. खिशातून त्यानं घडी घातलेलं कात्रण काढलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, ‘कुस्ती सुटली हुती, ताई. पडलो न्हाई मी.’ मी म्हटलं, बातमीदारानं जसं दिलं तसं छापलंय. हे वाक्य मी जिना उतरताना तयार केलं होतं. चूक एक वेळ हातून होते, पण हे वाक्य मी ठरवून बोलले. त्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग ‘बरं’ म्हणाला, कात्रणाची परत तीच घडी घातली आणि अंग जरा तिरकं करून दारातून बाहेर गेला. मी वर जाऊन लग्नाच्या जाहिराती तपासल्या.

कुस्तीच्या जगात कोण कुणाशी लढणार हे ठरवण्याला जोड लावणं म्हणतात, आणि हरलेल्याला पहिल्या नंबरची जोड मिळत नाही. त्या साली मोठ्या मैदानात सयाजीरावांना उत्तरेकडच्या मल्लाबरोबर पहिल्या नंबरची जोड मिळाली, नृसिंहाला तिसरी. पुढच्या वर्षी पाचवी. मग त्याचं नाव माझ्या गॅलीत यायचंच बंद झालं. ते यायचं तेव्हा मला धडकी भरायची, आणि यायचं थांबलं तेव्हा तर जास्तच. इकडे त्या एका ओळीचं मात्र चांगलं चाललं होतं. आमच्यावरून दुसऱ्या पेपरानं उचललं, दुसऱ्यावरून एका वार्षिकानं. दहाएक वर्षांनी आमच्याच हिशेब खात्यातला एक कारकून डबा खाताना नृसिंह कसा पडला हे हातवारे करून सांगत होता. ढाक लावली म्हणे. दुसरा म्हणाला, छे, कलाजंग. जी कुस्ती पडलीच नाही तिचा डाव लोकांनी शोधून काढला होता, आणि दोघांनीही ती म्हणे डोळ्यांनी पाहिली होती. मी माझी पोळी-भाजी खात होते. खरं तर मला ओरडायचं होतं, पण मी डबा बंद केला आणि हात धुवायला गेले.

आणि मी कशी झाले? मी चूक न करणारी बाई झाले. कार्यालयात मला सगळे टरकून असत. दुकानांच्या पाट्या, बसवरचे बोर्ड, तेराव्याच्या पत्रिका, मला कुठंच चैन पडत नाही, सगळीकडे ऱ्हस्व-दीर्घ दिसतं. लग्न करायचं राहून गेलं. बघायला आलेल्या एकाच्या पत्रातली मी तेरा अक्षरं दुरुस्त केली होती, असं माझी बहीण सगळ्यांना हसत सांगते. सांगू दे. मी फक्त थकलेय. एकतीस वर्षं लोकांच्या चुका काढून एखाद्याला जेवढा थकवा येईल त्याहून जास्त थकलेय, कारण त्या सगळ्या वेळात मी एकच चूक बघत होते आणि ती सोडून बाकीच्या दुरुस्त करत होते. सयाजीरावांना रोज सकाळी पार्किंगमध्ये उन्हाला खुर्ची टाकून बसवतात. अर्धांगानंतर त्यांची वाचा गेली. मी दुधाची पिशवी घेऊन जाताना नमस्कार करते, ते डावा हात उचलतात. ती बरोबरी होती हे त्यांनाही ठाऊक आहे. तेव्हा बोलता येत होतं, बोलले नाहीत. त्यांच्यावर राग धरायची माझी काय टाप आहे?

उदयसिंहाला प्रुफं गुरुवारी हवी होती. बुधवारी सकाळी मी कोडोलीच्या एसटीत बसले. ज्याची ओळ आहे त्याला आधी विचारावं, असं मी स्वतःला सांगत होते. खरं सांगायचं तर तो आता म्हातारा झाला असेल, जाऊ द्या म्हणेल, आणि मग मला सातवी ओळ तशीच ठेवून घरी येता येईल, अशी माझी आशा होती. गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत चालली होती. बावड्यातून बाहेर पडेपर्यंत कारखान्याच्या मळीचा वास खिडकीतून आत येत होता. मांडीवर प्रुफांची पिशवी होती. वाटेत दोनदा उतरून परतीची गाडी धरावी असं वाटलं, आणि दोन्ही वेळा गुडघे उठायच्या आधीच गाडी सुटली. म्हातारपणाचा हा एवढा एक फायदा मला त्या दिवशी झाला.

घर सापडायला वेळ लागला नाही. कोडोलीत त्याला अजून पैलवानच म्हणतात. सोप्यात कॉटवर तो बसला होता. अंग उतरलं होतं, गुडघ्यांना पट्टे होते, पण कान तेच. त्याची बायको तानाबाई उंबऱ्याशी बसून मेथी निवडत होती. पावणं कोण म्हणून तिनं विचारलं, मी नाव सांगितलं, तिनं पाणी दिलं आणि परत मेथीकडे वळली. नृसिंहरावांनी डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, ‘तुमी त्या पेपरातल्या न्हवं? खिडकीतल्या?’

मग मला प्रस्तावना करता आली नाही. मी सगळं सांगितलं. गॅली, अकरा ओळी, जिना चढायचा कंटाळा, समासातला ‘वि.’, आणि बातमीदारावर ढकललेलं ते वाक्य. बोलताना माझा आवाज कापत होता आणि मला त्याची लाज वाटत होती, कारण सत्तर वर्षांच्या बाईनं असं कापऱ्या आवाजात बोललं की लोक लगेच माफ करतात. तसंच झालं. ते हसले.

‘ठाव हाय की मला. तवाच कळलंतं. तुमचं तोंड पांढरं फटक पडलंतं.’

मी विचारलं, मग तेव्हा काही बोलला का नाहीत.

‘काय बोलायचं? नवी पोर दिसत हुतासा. मी जरा आवाज चढवला असता तर तुमची नोकरी गेली असती. आनि एका कुस्तीनं काय हुतंय म्हटलं, फुडच्या साली घिऊ परत. तर फुडं सयाजीनं माझ्याशी जोडच लावली न्हाई.’ हे ते अगदी सहज सांगत होते. चार वर्षं म्हणे ते लोकांशी भांडले. मग वाद घालायचा कंटाळा आला आणि कुणी विचारलं की स्वतःच म्हणायला लागले, व्हय, पडलो. आता तर कधी कधी त्यांनाही वाटतं की पडलोच असेन. अंधार होता. कुणी सांगावं? ‘ऱ्हाऊ दे आता, ताई. त्या बिचाऱ्याचा सत्कार हाय, तोंडातनं शबूद फुटत न्हाई त्येच्या. त्यात आनि कशाला घाण करायची? मी येणार हाय रविवारी, फेटा बांधून.’

मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला जड जातंय, पण तसंच वाटलं. त्रेचाळीस वर्षांचं ओझं त्या माणसानं दोन वाक्यांत उचलून बाजूला ठेवलं, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो परतीच्या गाडीचा. दीडची गाडी मिळाली असती. प्रुफांत उद्गारचिन्ह सोडून काही बदलायला नको होतं. मी पिशवी उचलली, येते म्हणाले.

‘थांबा,’ तानाबाई म्हणाली. तिनं मेथीची सुपली बाजूला सारली. ‘त्यास्नी सोडलं आसंल. मी न्हाई सोडलं.’

नृसिंहराव म्हणाले, गप की. ती गप बसली नाही. माझ्याकडे बघत, आवाज न चढवता बोलत राहिली. तेव्हा तिचं लग्न होऊन सहा महिने झाले होते. माहेरी गेली की बायका म्हणायच्या, पडल्याल्याची बायको आली. तालमीतली पोरं एकेक करून दुसऱ्या वस्तादाकडे गेली. ह्यांनी लंगोट खुंटीला टांगला तो परत काढला नाही. ‘सगळ्यास्नी सांगत्यात, पडलो म्हणून. आनि झोपंत वरडत्यात, पाठ लागली न्हाई, पाठ लागली न्हाई. अजून. परवा बी वरडलं. त्ये कुणी ऐकायचं? मीच ऐकत आले न्हवं?’

नृसिंहराव खाली बघत होते. गुडघ्याचा पट्टा सैल करून परत आवळत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. माफी मिळाली असं मला वाटलं होतं, ते त्यांचं पाहुण्या बाईशी चांगलं वागणं होतं. तसंच चांगलं ते खिडकीशीही वागले होते. आणि दोन्ही वेळा मी ते खरं मानून माझ्या वाटेनं चालायला लागले होते.

‘कागुद आणलाय न्हवं?’ तानाबाई म्हणाली. ‘काढा. हितंच लिवा.’

मी प्रुफं काढली, तक्त्याचं पान मांडीवर घेतलं. एक ‘वि.’ खोडला. ‘कलाजंग डावावर चितपट’ खोडलं, पुढे ‘बरोबरीत’ लिहिलं. खाली सयाजी तीन, नृसिंह तीन, बरोबरी एक. मथळ्यावर काट मारली. कुणी चुकवलं त्ये बी लिवा, तानाबाई म्हणाली. मी समासात लिहिलं. माझं नाव लिहिताना मला भीती वाटली, सत्ताविसाव्या वर्षी वाटली होती तेवढीच. नोकरी कधीच संपली, साहेब वारले, गणपतराव गेले, तरी तेवढीच.

तिनं विचारलं, हे ती माणसं छापतील का. मी खरं सांगितलं, माहीत नाही. उदयसिंहाची दोन वर्षांची मेहनत आहे, बापाचा सत्कार आहे, तो चिडेल, कदाचित माझ्या हातातून कागद काढून घेईल. नाही छापलं तर काय कराल, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, म्हणून मी म्हटलं, नाही छापलं तर रविवारी तिथं उभी राहून वाचून दाखवीन. आयुष्यात चार माणसांसमोर मी कधी उभी राहिलेली नाही. हे बोलून गेल्यावर मला ते कळलं.

‘मग आधी हितं वाचा,’ ती म्हणाली. ‘मला वाचाय येत न्हाई. तुमी काय लिवलंय त्ये मला कसं कळावं?’

मी वाचलं. ‘सयाजी, कसबा बावडा, विरुद्ध नृसिंह, कोडोली. एकोणीसशे एक्याऐंशी. बरोबरीत. ह्या कुस्तीत नृसिंह यांचा पराभव झाला नव्हता. तशी नोंद छापली गेली ती मुद्रितशोधक प्रमोदिनी शिरगावकर हिच्या चुकीमुळे. ती चूक तिनं लपवली.’

माझं वाचून होण्याआधीच नृसिंहराव कॉटचा आधार घेऊन उठले होते. कुणाकडे न बघता, पाय ओढत, ते मागच्या दारानं गोठ्याकडे गेले. म्हशीला काहीतरी बोलल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. मी कागदाची घडी घालायला लागले तर तानाबाईनं माझा हात धरला.

‘परत वाचा,’ ती म्हणाली. ‘मोठ्यानं. त्यास्नी गोठ्यात ऐकू जाया पायजे.’

मी उभी राहिले आणि परत वाचलं.